९ फेब्रुवारी, बाजाराच्या दिवशी: वेठबिगारी निर्मूलन दिन कसा पाळायचा आणि एखाद्या कुटुंबाची खरोखर सुटका कशी करायची

रायगड, ठाणे, पालघरच्या कुठल्याही कातकरवाडीत, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्तीत, ९ फेब्रुवारीला जाऊन बघा. दारांना काट्याच्या फांद्या आडव्या लावलेल्या असतात. ओट्यावर एखादी म्हातारी, तिच्याजवळ ठेवलेलं अगदी तान्हं नातवंड, दोन-चार कोंबड्या. बाकीची वाडी दिवाळीच्या आसपासच वीटभट्टीवर गेलेली असते, ती मृगाच्या तोंडावर परतणार. आम्ही पहिल्या वर्षी वेठबिगारी निर्मूलन दिनाचा कार्यक्रम तालुक्याच्या सभागृहात घेतला. फलक होता, हार होते, चहा होता, पन्नासेक माणसं होती. ज्यांच्यासाठी कायदा झाला त्यांतलं एकही माणूस तिथे नव्हतं. परत येताना रस्त्याच्या कडेला भट्ट्यांचा धूर दिसत होता.

त्यानंतर हा दिवस पाळायची रीत आम्ही बदलली. ती इथे टप्प्याटप्प्याने लिहितो आहे. शाळा, महाविद्यालयाचं राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) पथक, महिला मंडळ, ग्रामपंचायत, कुणालाही ती करता येईल. दोन गोष्टी मात्र लागतात. एक म्हणजे वर्षभर पाठपुरावा करणारी चार-पाच माणसं, आणि दुसरी, तोंड बंद ठेवता येण्याची सवय. दुसरी का लागते ते पुढे कळेल.

आधी हा दिवस कशाचा ते समजून घ्या

ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि ९ फेब्रुवारी १९७६ ला वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा कायदा झाला. २०२६ मध्ये त्याला ५० वर्षं झाली. संविधानाच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी त्याच्याही आधी, १९५० पासून होती.

भाषणात मी यापेक्षा एक वेगळी तारीख सांगतो, कारण ती ऐकल्यावर लोक गप्प होतात. अब्राहम लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ ला बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला सैन्य घेऊन जनरल गॉर्डन ग्रेंजर पोचले आणि त्यांनी मुक्तीचा हुकूम जाहीर केला, तो दिवस होता १९ जून १८६५. मधली जवळपास अडीच वर्षं तिथली माणसं कागदावर मोकळी होती आणि रानात कापूस वेचत होती. अमेरिकेतला काळा समाज १९ जून हा दिवस आजही पाळतो, आणि २०२१ पासून ती तिथली राष्ट्रीय सुट्टी आहे. बातमी पोचल्याचा तो दिवस आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांनाच. आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांची दशा आणि तिकडची गुलामी यांचं नातं त्यांना दीडशे वर्षांपूर्वी दिसलं होतं.

आपल्या मातीतलंही सांगा. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं. वतनाच्या नावाखाली रात्री-अपरात्री सरकारी कामाला जुंपलं जाणं ही वेठच होती. १९४५ मध्ये डहाणू-उंबरगाव पट्ट्यातले वारली जमीनदारांच्या वेठीविरुद्ध उठले, किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्या भागात ‘लग्नगडी’ ही पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून काही रुपये घ्यायचे आणि नवराबायकोने आयुष्यभर त्याच्याकडे राबायचं. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे साथी गेले. पालघरमध्ये कार्यक्रम असेल तर जेठ्याचं नाव घेतल्याशिवाय सुरुवात करू नका. म्हाताऱ्या माणसांच्या माना लगेच वर होतात.

इतिहास एवढाच, पंधरा मिनिटांत संपवा.

जागा आणि वेळ

भट्टीवरच्या माणसाला आठवड्यातून एकदाच मोकळीक मिळते, ती बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी मालक किंवा मुकादम ‘खर्ची’ देतो, म्हणजे आठवड्याच्या मीठ-मिरची-तांदळापुरते पैसे. बाई माणसं पोरांना घेऊन आठवडे बाजाराला येतात. म्हणून कार्यक्रम ९ फेब्रुवारीच्या जवळच्या बाजाराच्या दिवशी, बाजाराच्या कडेला घ्या. तारीख दोन दिवस पुढेमागे झाली तर काही बिघडत नाही.

भट्टीवर जाऊन कार्यक्रम घेऊ नका. उत्साहाच्या भरात हे करावंसं वाटतं. तुम्ही फलक घेऊन निघून जाता, त्यानंतरची रात्र तिथल्या कुटुंबांना काढायची असते. एका ठिकाणी कुणीतरी असं केल्यावर तिसऱ्याच दिवशी सगळी कुटुंबं ट्रकमध्ये घालून दुसऱ्या तालुक्यात हलवली गेली. शोधायला आम्हाला महिना लागला.

बाजारात काय करायचं? एक पथनाट्य, वीस मिनिटांचं, शक्य झालं तर कातकरी बोलीतलं. लहान पोरांची वजनं-उंची घ्यायला अंगणवाडी ताईंना बसवा, म्हणजे आया थांबतात आणि त्यांच्या थांबण्यावर कुणाची नजर जात नाही. माहितीपत्रकं वाटू नका. ती मुकादमाच्या हाती लागली तर बाईला जाब विचारला जातो, आणि बहुतेकांना वाचताही येत नाही. त्यापेक्षा आकडे पाठ करून घ्या. विधी सेवेचा १५१००, लहान मुलांसाठी १०९८, पोलिसांचा ११२. आम्ही ते तीन आकडे ढोलकीवरच्या एका गाण्यात बसवले. पोरं ते म्हणत म्हणत भट्टीवर गेली, गाण्यावर कुणी संशय घेतला नाही.

वही वाचायची पद्धत

माझ्या मते या दिवसाचा खरा विधी हाच आहे. बाजाराच्या एका कोपऱ्यात, झाडाखाली, दोन माणसं कागद-पेन घेऊन बसवा. ज्यांना आपला हिशेब समजून घ्यायचा आहे त्यांनी यावं. काहींकडे मुकादमाने दिलेली छोटी वही असते, बहुतेकांच्या फक्त डोक्यात असतं. तोंडी सांगितलेलंही लिहून घ्या.

उदाहरण म्हणून एका जोडप्याचा हिशेब मांडतो. आकडे समजण्यापुरते गोल धरले आहेत. गणपतीच्या दिवसांत, घरात दाणा नसताना, २०,००० रुपये उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतली, त्यालाच काही ठिकाणी बयाणा म्हणतात. दर ठरला हजार विटांना ६०० रुपये. जोडप्याने २० आठवडे, आठवड्याचे ५ दिवस, रोज हजार विटा पाडल्या. एकूण १ लाख विटा, म्हणजे ६०,००० रुपये. आठवड्याला १,००० रुपये खर्ची मिळाली, म्हणजे २०,०००. उचल आणि खर्ची मिळून ४०,००० वजा जाता हातात २०,००० पडायला हवेत.

वहीत काय निघतं? विटा ६०,००० लागलेल्या. बाकीच्या ‘अवकाळीत भिजल्या’, ‘फुटल्या’, ‘कच्च्या निघाल्या’. म्हणजे मजुरी झाली ३६,००० रुपये. ४०,००० घेतलेत, ४,००० बाकी. ही बाकी पुढच्या वर्षी फिरते, आणि तिच्यासाठी पुढच्या वर्षी त्याच मालकाकडे यावं लागतं.

एका बाजारात एका बाईने कनवटीला लावलेली वही काढून तिच्या पाचवीतल्या मुलीकडे दिली. मुलगी बोट ठेवून वाचत होती. एका पानावर थांबली आणि म्हणाली, ‘आये, ह्या सोमवारची खर्ची दोन येळा लिवलीय.’ बाईने वही उलटी-सुलटी करून पाहिली. तिला अक्षर येत नव्हतं, पण दोन ओळी सारख्या दिसतात एवढं तिला कळलं. पुढची सगळी वही मुलीने मोठ्याने वाचली आणि झाडाखालची चार कुटुंबं ऐकत बसली. त्या दिवशी भाषणाची गरज उरली नाही.

वही वाचताना एक प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं. ‘पण पैसे तर घेतलेत ना? घेतलेला पैसा फेडाया नको?’ हा प्रश्न भाबडेपणातून येत नाही. कातकरी माणूस शब्दाला पक्का असतो, पैसे बुडवणारा म्हणून नाव होण्याची त्याला मनापासून लाज वाटते. मालकाची सगळी ताकद या लाजेवर उभी असते, कुलपाची गरज क्वचितच पडते. म्हणून ‘कायद्याने कर्ज माफ आहे’ एवढं सांगून भागत नाही, माणूस मान हलवतो आणि परत भट्टीवर जातो. दुसरा हिशेब मांडून दाखवा. शंभर दिवस, दोन माणसं, म्हणजे २०० रोज. समजा किमान वेतन रोजचं ४०० रुपये धरलं तर ८०,००० होतात. तुम्हाला उचल आणि खर्ची मिळून मिळाले ४०,०००. मग कोण कुणाचं देणं लागतं? पोराने वाहिलेल्या विटा यात धरलेल्याच नाहीत. तुमच्या भागाचा खरा दर कामगार आयुक्त कार्यालयातून आधी आणून ठेवा आणि त्याच आकड्याने मांडा.

ही वेठबिगारी आहे का, हे कसं ओळखायचं

पायात साखळी शोधत बसू नका. कायद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली बाजू म्हणजे उचल, कर्ज, बापजाद्यांचं देणं, रूढीने आलेलं बंधन किंवा विशिष्ट जातीत जन्म. दुसरी म्हणजे त्याच्या बदल्यात गेलेलं कुठलंही एक स्वातंत्र्य. दुसरीकडे कामाला जाण्याचं, हवं तिथे ये-जा करण्याचं, किमान वेतन मिळण्याचं, किंवा आपला माल बाजारभावाने विकण्याचं.

प्रश्न सरळ विचारू नका, बोलता बोलता काढा. मागच्या महिन्यात वाडीत कुणी वारलं तेव्हा तुम्हाला जायला मिळालं का? दोघंही गेलात, की एकाला मागे ठेवलं? शेजारच्या भट्टीवर दर जास्त आहे, तिकडे का नाही जात? आजारी पडलात तर खाडा लावतात का? रेशनकार्ड, आधारकार्ड कुणाकडे आहे? मारहाण, शिवीगाळ, बाईमाणसाला त्रास हे विचारायला बाईच कार्यकर्ती हवी, आणि आसपास पुरुष नकोत.

न्यायालयांनी हे काम आपल्यासाठी बरंच सोपं करून ठेवलं आहे. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा संविधानाने बंदी घातलेली सक्तीची मजुरी आहे. भूक आणि गरिबीची सक्ती ही सक्तीच. फरिदाबादच्या दगडखाणींवरून बंधुआ मुक्ती मोर्चाने लढलेल्या खटल्यात १९८३ मध्ये न्यायालय म्हणालं, मजुराकडून जबरदस्तीने काम घेतलं जात असेल तर त्यामागे उचल असणार असं धरून चालावं. आणि कायद्याच्या १५व्या कलमानुसार, हे बंधनातलं कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे. मजुराकडे पुरावा मागणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यापुढे हे कलम ठेवा.

हेच निकष ऊसतोडीच्या टोळीला, कोळसा पाडणाऱ्यांना, धनगराच्या मेंढरांमागे पाठवलेल्या लहान पोराला आणि सालगड्यालाही लागतात. ऊसतोडीत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात, दोन माणसांना एका अवजाराचं नाव. सगळ्याच भट्ट्यांवर आणि टोळ्यांत असं चालतं असंही समजू नका, चोख हिशेब करणारे मालक मी पाहिले आहेत. म्हणूनच आधी खात्री करा.

अर्ज

खात्री झाली की अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. प्रांत म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी यांना आणि पोलीस अधीक्षकांना प्रत द्या. मालकाशी आधी बोलायला जाऊ नका, गावच्या पुढाऱ्यालाही सांगू नका. अर्ज हाताने द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख-शिक्का तपासा. सोबत ईमेलही पाठवा. मजकूर असा:

‘मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा दंडाधिकारी यांस. विषय: वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ अन्वये चौकशी, तातडीने सुटका व पुनर्वसन करणेबाबत. महोदय, मौजे … येथील गट क्रमांक … मधील वीटभट्टीवर … वाडीतील आदिवासी कातकरी समाजाची … कुटुंबे (… पुरुष, … स्त्रिया, … बालके) … महिन्यापासून उचलीच्या बदल्यात कामाला ठेवली आहेत. त्यांना इतरत्र कामास जाण्यास मज्जाव आहे. त्यांना किमान वेतन मिळत नाही. त्यांची कागदपत्रे मालकाच्या ताब्यात आहेत. त्यांच्या जिवास धोका असल्याने ही माहिती गुप्त ठेवावी. जबाब मालक व मुकादमाच्या अनुपस्थितीत, मजुरांच्या बोलीत घ्यावेत. सुटकेनंतर प्रत्येक प्रौढ व बालकास स्वतंत्र मुक्तता प्रमाणपत्र द्यावे.’

शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. कुटुंबप्रमुखाच्या नावाने एकच दाखला निघाला की बाईचा आणि मुलांचा हक्क बुडतो.

जागेचा पत्ता नेमका द्या. भट्टीला पाटी नसते, म्हणून जवळचं देऊळ, ओढा, विजेचा खांब असं लिहा आणि हाताने नकाशा काढा. सुटकेचं पथक चुकीच्या भट्टीवर गेलं की पाच मिनिटांत सगळ्या परिसरात फोन फिरतात.

सुटकेचा दिवस

पथक सरकारी असतं. तुमचं काम शेजारी उभं राहण्याचं आहे. पण काही गोष्टी तुम्हीच पाहिल्या तर होतात.

जबाब घेताना मजुराला खुर्ची किंवा सतरंजी द्यायला सांगा आणि मालकाला नजरेआड ठेवा. पंचनामा होत असताना मालक लांबून नुसता पाहत उभा राहिला तरी ‘आमी खुशीनं आलो’ हेच वाक्य येतं. बोली समजणारं माणूस सोबत न्या. भट्टीवरच्या वह्या, हजेरी, विटांच्या नोंदी तिथेच जप्त झाल्या पाहिजेत, दुसऱ्या दिवशी त्या सापडत नाहीत.

सामानासाठी वेगळी गाडी ठेवा. हे लहानसं वाटतं, पण मी एक सुटका यावरून अडताना पाहिली आहे. एका आजीने गाडीत बसायला नकार दिला, कारण तिची खुराड्यात बसलेली कोंबडी अंड्यांवर होती. अधिकारी घाई करत होते. शेवटी एका महिला पोलिसाने खुराडंच उचलून मांडीवर घेतलं आणि आजी बसली. पातेली, कोयती, गोधड्या, कोंबड्या, पोराचं दप्तर हीच त्या घराची सगळी इस्टेट असते. ती मागे राहिली तर माणूस ती आणायला एकटाच परत जातो, आणि तिथेच पुन्हा अडकतो.

गुन्हा कोणत्या कलमांखाली नोंदला जातो ते पाहा. १९७६ च्या कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि गुन्हा जामीनपात्र आहे. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि मालक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१)(एच) लावायलाच हवं. त्यात वेठ आणि बंधनातल्या मजुरीचा स्पष्ट उल्लेख आहे. भारतीय न्याय संहितेत मानवी तस्करीसाठी कलम १४३ आणि सक्तीच्या मजुरीसाठी १४६ आहे. पोलीस ठाण्यात ‘मजुरीचा वाद’ म्हणून कामगार कार्यालयाकडे बोट दाखवलं जातं. अशा वेळी वाद घालू नका, लेखी उत्तर मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील वेठबिगाराला मोफत मिळतो, त्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

मुक्तता प्रमाणपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हातात पडेल असा आग्रह धरा. हा एक कागद म्हणजे पुढच्या सगळ्याची किल्ली आहे. त्यावर नाव, वय, लिंग, वाडी, सुटकेची तारीख बरोबर आहे का, ते मोठ्याने वाचून घ्या. मग फोटो काढा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, एक प्रत तुमच्या फाइलला. कुडाच्या घरात पावसाळ्यात कागद टिकत नाही.

दाखला देताना कायद्याचं सहावं कलम सोप्या भाषेत सांगा. उचल संपली, व्याज संपलं, कोर्टात दावा चालणार नाही, गहाण ठेवलेली वस्तू किंवा जमीन परत मिळायला हवी. नवव्या कलमानुसार मालकाने ते पैसे परत घेतले तर तो त्याचाच गुन्हा. हे ऐकल्यावर त्या आजीने विचारलं, ‘म्हंजे माज्या पोराच्या लग्नाचंबी गेलं?’ ती सतरा वर्षांपूर्वीच्या लग्नाबद्दल बोलत होती.

पैसे आणि घर

केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे. ती जिल्हाधिकाऱ्यांनी लगेच द्यायची असते, खटल्याच्या निकालाशी तिचा संबंध नाही. त्यासाठी जिल्ह्यात १० लाखांचा कायम निधी असायला हवा. तो आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. एकूण मदत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि बालकांना २ लाख, आणि तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणांत ३ लाख. मोठी रक्कम मात्र मालकाला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. मला हे साफ चुकीचं वाटतं. सरकारी वकिलाची ढिलाई आणि साक्षीदारांवरचा दबाव यांची किंमत सुटलेल्या माणसाने का मोजायची? तरीही नियम आहे तोवर खटल्याच्या प्रत्येक तारखेला कुणीतरी हजर राहिलंच पाहिजे. साक्षीच्या दिवशी मजुराची रोजी बुडते, ती कार्यक्रम घेणाऱ्या मंडळाने भरून द्यावी. मालकाकडून थकलेल्या वेतनाचा दावा वेगळा करायचा, तो पुनर्वसनाच्या मदतीत धरू देऊ नका.

बँक खातं बाईचं वेगळं उघडा. संयुक्त खात्यातले पैसे कुणाच्या नावावर कधी निघाले हे नंतर कळत नाही.

रोख पैशापेक्षा घराची जागा महत्त्वाची. कितीतरी कातकरवाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर बसलेल्या आहेत. काही ठिकाणी घराखालची जमीन त्याच माणसाची असते ज्याची भट्टी आहे, किंवा त्याच्या भावाची. आठवं कलम सुटलेल्या मजुराला राहत्या घरातून काढायला मनाई करतं, ते तहसीलदारांच्या लक्षात आणून द्या. घरकुलासाठी केंद्राच्या पीएम-जनमन या आदिम आदिवासी गटांसाठीच्या योजनेत अर्ज करता येतो का ते विचारा, कातकरी त्यात बसतात. जातीचा दाखला, रेशनकार्ड, जॉबकार्ड हे सगळं एकाच दिवशी वाडीत शिबिर घेऊन करून घ्या. एकेका दाखल्यासाठी तालुक्याला फेऱ्या मारायला लागल्या की माणूस कंटाळतो, आणि मुकादम वाडीच्या तोंडाशी उभाच असतो.

उरलेले महिने

प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असायला हवी. तिच्यावर जिल्ह्यातले अनुसूचित जाती-जमातींचे ३ आणि २ सामाजिक कार्यकर्ते घ्यायचे असतात. मार्चमध्ये माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. समितीवर कोण आहे, मागच्या वर्षी बैठका किती झाल्या, इतिवृत्ताच्या प्रती द्या. समितीच नसल्याचं उत्तर आलं तर तो कागदच तुमचं पुढचं निवेदन आहे. सुटलेल्या मजुरांपैकी एखाद्या बाईचं नाव सदस्य म्हणून सुचवा. अधिकाऱ्यांच्या बरोबरीने खुर्चीवर बसून तिने भट्टीची माहिती सांगणं हे मी एकदा पाहिलं आहे. त्या दिवशी बैठकीत कुणी ‘मजूर स्वतःहून येतात’ असं म्हटलं नाही.

जूनमध्ये मुलं शाळेत आली का ते बघा. पुढच्या हंगामात आईबाप जाणार असतील तर मुलांना मागे ठेवून हंगामी वसतिगृहाची मागणी शाळेकडून वेळेत जायला हवी, ती ऑक्टोबरमध्ये करून उपयोग नाही. वसईच्या बाजूला विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगा शाळा, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांतच भरणाऱ्या शाळा, चालवल्या होत्या, तो नमुना अजूनही वापरण्यासारखा आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे दिवस म्हणजे श्रावण-भाद्रपद. लावणी संपलेली असते, कापणीला वेळ असतो, रानातली भाजी आणि खेकड्यांवर किती दिवस काढणार? गणपती तोंडावर येतात आणि मुकादम घरटी पाच-पाच हजार रुपये घेऊन वाडीत शिरतो. बेड्या त्या दिवशी पडतात, भट्टीवर पुढे नुसतं काम होतं. म्हणून धान्यकोष. मे महिन्यात भट्टीवरून परतल्यावर, हातात चार पैसे असतात तेव्हा, प्रत्येक घराने पायलीभर भात किंवा त्याची किंमत द्यायची. देणगीदारांकडून तेवढीच भर घालायची. कोठी वाडीतल्या बायकांच्या ताब्यात, किल्ल्या दोघींकडे. श्रावणात घरटी दोन पायल्या उसन्या न्यायच्या, कापणीनंतर तेवढ्याच परत भरायच्या. व्याज नाही. नोंद वहीत, आणि ती वही दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचायची.

एका वाडीत हे दुसऱ्या वर्षी नीट चालू लागलं तेव्हा २२ घरांपैकी ९ घरांनी गणपतीला उचल घेतली नाही. ती दिवाळीनंतर भट्टीवर गेलीच, काम दुसरं कुठे आहे? पण भट्टी त्यांनी निवडली, दर आधी ठरवला, विटांची मोजणी रोज संध्याकाळी स्वतःच्या वहीत लिहिली आणि पोरं वसतिगृहात ठेवली. वही लिहायला तीच मुलगी होती, आता सातवीत. पुढच्या ९ फेब्रुवारीच्या बाजारात झाडाखाली दुसऱ्यांचे हिशेब मांडायला तिची आई बसली होती. अक्षरं मुलीची, आकडे आईने तोंडाने लावलेले. त्या दिवशी सात वह्या तपासून झाल्या.